दोन टिचक्या

ठक् असा आवाज झाला तेव्हा माझ्या बोटांत एकशे चारावा मणी होता. आवाज मोठा नव्हता. कुणी दाराची कडी अर्धवट लावावी तेवढाच. गाडीचा डावा आरसा आतल्या बाजूला मिटला आणि त्यात मला मागच्या रस्त्याऐवजी माझाच कान दिसला. पाठोपाठ चाकाखाली काहीतरी चिरडल्याचा बारीक, कोरडा आवाज. बाबा म्हणाले, खड्डे बुजवायला कुणाच्या बापाला सवड नाही, आणि गिअर बदलून पुढे निघाले. मी मान वळवून मागे पाहिलं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या कडेला कोपर धरून उभी होती. आमच्या गाडीकडे, की माझ्याकडे, टक लावून बघत होती. मग ती खाली बसली आणि तळहातानं जमीन चाचपायला लागली. तशी जमीन कोण चाचपतं हे मला ठाऊक आहे. ज्याचा चष्मा पडलाय तो.

मी काही बोलले नाही. सकाळी आंघोळ झाल्यापासून दुकानाचं शटर वर जाईपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. आई गेली त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, छातीत कसंसंच होतंय गं. मी केस विंचरत होते. म्हटलं, असू दे, संध्याकाळी बघू. संध्याकाळ झाली तेव्हा बघायला आई नव्हती. त्या चार शब्दांची शिक्षा म्हणून मी सकाळ जिभेकडून काढून घेतली. लोक म्हणतात, किती शांत आहे ही, किती देवभोळी. बाबा मला मौनीबाई म्हणतात. गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या मौनीबाईंचं शटर दुकानाबरोबर उघडतं. मी हसते. शांत माणसाच्या पोटात काय शिजतं हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही, आणि मीही सांगायला गेले नाही. पण मी गप्प होते म्हणजे मला सगळं कबूल होतं असं कुणी धरून चालू नये.

आमचं चष्म्याचं दुकान. बाबांनी ते एका टेबलावर सुरू केलं, आता चार खुर्च्या आहेत, भिंतभर आरसे आहेत आणि मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र. यंत्र मी चालवते. चाकावर पाण्याची धार धरून काच फ्रेमच्या मापाला आणायची, कडेची धार मोडायची, फ्रेम गरम हवेवर धरून काच आत बसवायची. बसताना टच् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर उद्या गिऱ्हाईक दारात. बाबा बाहेर डोळे तपासतात. मागच्या भिंतीवर अक्षरांची पाटी, समोर आरसा, आणि गिऱ्हाइकानं आरशात बघून वाचायचं. शेवटची ओळ वाचली की बाबा त्याच्या पाठीवर थाप मारतात, जणू त्यानं काही जिंकलंय. आमच्या घरात देव दोन. एक माझ्या कोपऱ्यातला, ज्याच्यापुढे मी दिवा लावते. दुसरा त्या पाटीवरची शेवटची ओळ. तीन वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना काचबिंदू म्हणून सांगितलं. मधलं सगळं स्वच्छ दिसणार, कडा गेल्यात. डावी बाजू तर जवळजवळ संपलीच. किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं, म्हणाल्या. थेंबांनी उरलेलं टिकेल, गेलेलं परत यायचं नाही, चालताना मान खांद्यासकट वळवून बघत जा, आणि गाडी बंद करा. बाबा खुर्चीतून उठले, त्यांच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि शेवटची ओळ घडाघडा वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. मग त्या पोरगेल्या बाईंना म्हणाले, माझ्या निम्म्या वयाच्या माणसांना ही ओळ दिसत नाही, आणि त्यांना तुम्ही गाडी चालवू देता.

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांचे डोळे तपासले त्यानंच अशी चूक करावी. पण ती चूक त्यालाच जमू शकते. शेवटची ओळ दिसते म्हणजे सगळं दिसतं, हे त्यांनी पन्नास वर्षं लोकांना सांगितलं होतं. आता ते स्वतःला कसं खोटं ठरवणार? मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. ते मान मागे टाकून लहान मुलासारखा चेहरा वर करतात, मी खालची पापणी ओढते, आणि थेंब पडला की ते दरवेळी म्हणतात, झोंबतंय. मी म्हणते, झोंबू दे. सकाळी तेवढंही म्हणत नाही.

टिचक्या कधी सुरू झाल्या ते आठवत नाही. पहिल्यांदा बहुधा एक सायकलवाला डावीकडून आला आणि माझं मौन होतं, म्हणून मी नखानं डॅशबोर्डवर टिचकी मारली. बाबांनी ब्रेक दाबला. ना त्यांनी काही विचारलं, ना मी काही सांगितलं. हळूहळू त्याची भाषाच झाली. एक टिचकी म्हणजे सिग्नल लाल. दोन म्हणजे डावीकडून कुणीतरी येतंय. सगळा तळवा ठेवला की रस्ता मोकळा. तोंड उघडं असतानाही मग आम्ही टिचक्यांवरच चालवू लागलो, कारण टिचकीत अपमान नसतो. मी काही सांगितलं असं होत नाही, त्यांना काही कळलं नव्हतं असंही होत नाही. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणायच्या, या वयात काय सफाईनं चालवतात हो तुमचे बाबा, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे, अंगात असावं लागतं. मला तेव्हा आतून गंमत वाटायची. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटायचा. देवाला मी रोज सांगायचे, आजही एक माणूस सांभाळून आणला. धाकट्या भावाचा दूरच्या शहरातून रविवारी फोन यायचा. बाबा अजून चालवतात का गं, ताई? मी म्हणायचे, मी असते ना शेजारी. तो म्हणायचा, मग काही काळजी नाही. एवढ्या एका वाक्यात त्यानं बाप माझ्या ओटीत घातला आणि स्वतः मोकळा झाला. मीही तो प्रसाद मिळाल्यासारखा घेतला.

आणि आता जे सांगायचंय ते सांगते. ती मुलगी मला दिसली होती. दप्तर एका खांद्यावर, डावीकडच्या फुटपाथवरून उतरून रस्ता ओलांडायच्या तयारीत. चांगली दिसली होती. टिचकी मारायला उजवा हात लागतो आणि उजव्या हातात माळ होती. एकशे चार. मनात आलं, चारच राहिलेत, ती थांबेल. पुरते दोन श्वाससुद्धा नसतील. मी देवाचं नाव घेत होते आणि रस्त्यात एक मूल होतं. ज्या सकाळी मी आईला म्हटलं असू दे, त्या सकाळचं प्रायश्चित्त करता करता मी तेच पुन्हा म्हटलं होतं, फक्त या वेळी मोठ्यानं नाही.

शटर वर गेलं. माझं मौन सुटलं. मी मागच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू केलं आणि एक काच इतकी घासली की फ्रेममध्ये खुळखुळायला लागली. असं मी वीस वर्षांत केलं नव्हतं. दुपारी समोरचं दार उघडल्याची घंटा वाजली, आणि बाबांचा गिऱ्हाइकासाठी राखलेला गोड आवाज आला, अरे, आपली निळ्या फ्रेमवाली. मी चिमटा तसाच हातात घेऊन बाहेर आले. तीच. धावत्या गाडीतून मी तिला ओळखलं नव्हतं. तिची आई बरोबर होती, दवाखान्यात नर्स असते, अंगावर कामावरचाच पांढरा कोट. तिनं काउंटरवर रुमाल उलगडला. निळी फ्रेम, डावी दांडी मोडलेली, काचांचा भुगा. आठवड्यापूर्वी ती मीच बनवली होती. नंबर उणे साडेचार. मुलगी म्हणाली होती डाव्या कानामागे टोचतं, म्हणून मी दांडी दोनदा गरम करून वाकवली होती आणि तिनं मान हलवून हलवून खात्री करून घेतली होती. आता तिच्या कोपराला पट्टी होती. नर्स म्हणाली, सकाळी चौकात एका गाडीच्या आरशाचा धक्का लागला, गाडी थांबलीसुद्धा नाही. बाबांनी काचांचा भुगा बोटानं सारखा केला. काय एकेक लोक गाड्या चालवतात, म्हणाले. असल्यांची लायसन्सं फाडून टाकली पाहिजेत. ते अगदी मनापासून बोलत होते. त्यांच्या आवाजात इतकी खरी चीड होती की क्षणभर मलाही वाटलं, ती गाडी दुसऱ्याच कुणाची असेल.

मुलगी उंच खुर्चीवर बसून पाय हलवत होती. तिला विचारलंही नव्हतं, तरी म्हणाली, गाडीत एक बाई होती, तिनं वळून बघितलं माझ्याकडे. मग जरा खट्टू होऊन म्हणाली, पण चष्मा नव्हता ना, चेहरा नाही दिसला.

उणे साडेचारला दहा पावलांवरचा चेहरा कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. पाण्यात विरघळलेली रांगोळी. कुणाचाही असू शकतो. त्या धूसरपणात मी जन्मभर राहू शकले असते. नवीन चष्मा करून दिला असता, वर एक चांगली डबी दिली असती, देवापुढे तुपाचा दिवा लावला असता, आणि उद्या पुन्हा टिचकी. आजवर सगळ्यांचं बरं चाललं होतं ते माझ्या गप्प बसण्यावर. पायाखालची वीटसुद्धा कधी तरी सरकते.

"ती बाई मी होते," मी म्हटलं.

बाबा हसले. नर्सला म्हणाले, मनावर घेऊ नका, हिचे उपासतापास चालू असतात, पोटात अन्न नसलं की डोकं हलकं होतं. माझ्या उपासाचा त्यांनी असा उपयोग आजवर केला नव्हता. मी काउंटरच्या बाहेर आले, नर्सला दारापर्यंत नेलं आणि दारासमोर लावलेली गाडी दाखवली. राखाडी. डावा आरसा अजून मिटलेलाच होता. दिवसभरात बाबांना तो दिसला नव्हता, आणि दिसणारही नव्हता. त्याच्या कडेला मुलीच्या दप्तराचा केशरी धागा अडकला होता. नर्सनं तो ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चालवत कोण होतं?"

"चाक त्यांच्या हातात होतं. डोळे माझे होते."

आणि मग मी सगळं सांगितलं, दारात उभं राहून, रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकत असताना. काचबिंदू, डावी बाजू, टिचक्या, एकशे चारावा मणी. माझा आवाज चढला नाही; मला चढवता येत नाही. पण थांबलाही नाही. बाबांनी एकदा दटावलं, पुरे. मी म्हटलं, अजून संपलं नाही. असं मी त्यांना पहिल्यांदाच म्हणत होते, आणि आतमध्ये कुठेतरी, फ्रेममध्ये काच बरोबर बसावी तसा, टच् आवाज झाला. बाबा खुर्चीत बसले, पाठ ताठ केली, समोरच्या आरशात बघितलं आणि पाटीवरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. पोपट बोलल्यावर वाजवाव्यात तशा मुलगी टाळ्या वाजवणार होती, आईनं तिचे हात धरले.

नर्स जाताना मला म्हणाली, मी तक्रार लिहिणार नाही. म्हाताऱ्या माणसांना मी रोज उचलते-बसवते, मला कळतं. पण उद्या सकाळी मी हिला घेऊन त्याच चौकात उभी असेन. ही गाडी दिसली तर मात्र मला काही कळणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. बाबा म्हणाले, बघू.

संध्याकाळी बाबा माझ्यासाठी न थांबता एकटेच गाडी घेऊन घरी गेले. भावाला मीच फोन केला. तो आधी घाबरला, मग चिडला, मग युक्ती सांगायला लागला. बॅटरीची वायर काढून ठेव, गाडी बिघडली म्हणून सांग, मेकॅनिक मिळत नाही म्हण, महिन्याभरात विसरतील. त्या बाईसमोर बोलायची काय गरज होती, ताई? तुझं ते व्रतबित देवापाशी ठेव की. मी म्हटलं, वायर काढायला तू ये. तो म्हणाला, मला इतक्यात जमणार नाही. मी म्हटलं, मग कसं करायचं ते मी ठरवीन. आजवर त्याला मी असं बोलले नव्हते; पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं, आता यानंही मौन धरलं. वायर काढायची नाही हे मात्र माझं पक्कं होतं. तीन वर्षं मी त्यांना फसवलं, तेही त्यांचा मान राखायचा म्हणून. आता आणखी एक फसवणूक, तीही त्यांच्या भल्यासाठी? बाबांच्या हातून गाडी घ्यायची तर त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायची. जेवढे डोळे उरलेत तेवढ्यांदेखत.

सकाळी आंघोळ केली, दिवा लावला, मौन घेतलं. देवापुढे काही मागितलं नाही. माळही कोपऱ्यातच ठेवली. एवढंच म्हटलं, आज माझा हात मोकळा असू दे, तुझं नंतर बघू. असं मी देवाशी कधी बोलले नव्हते. खाली आले तर बाबा इंजिन सुरू करून बसले होते. दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री, आरसा पुन्हा बाहेर काढून पुसलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, बसायचं तर बस, नाहीतर चालत ये. टिचक्यांची गरज नाही. मी बसले. हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, आणि ती तशीच राहावी म्हणून मी माझं बोट माझ्या नाकावर ठेवलं.

ही खूण त्यांनीच मला शिकवलेली. मी दहा वर्षांची असेन. पायरीला ठेचकाळत येणारी, दाराच्या चौकटीला खांदा घासणारी गिऱ्हाइकं आली की बाबा त्यांना समोर बसवायचे. एक डोळा तळहातानं झाका. माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवायची नाही. मग बाजूनं बोट हळूहळू आत आणायचे, आणि दिसलं की समोरच्यानं 'आलं' म्हणायचं. उशिरा म्हणणाऱ्यांना ते चष्मा देत नसत, डॉक्टरकडे धाडत. सरावासाठी मला समोर बसवायचे. मी एकदा बोट दिसायच्या आधीच 'आलं' म्हटलं, शहाणपणा दाखवायला. तेव्हा त्यांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला होता. म्हणाले होते, बाकी कुठेही खोटं बोल, या खुर्चीत नाही.

ते कुत्सितपणे हसले. "मला शिकवतेस?" पण पन्नास वर्षांची सवय हसण्यापेक्षा मोठी. त्यांचा तळहात आपोआप वर गेला आणि त्यांनी उजवा डोळा झाकला. डावा डोळा माझ्या नाकावर स्थिर झाला. मी बोट त्यांच्या डाव्या कानामागून पुढे आणायला सुरुवात केली. बोट येतंय हे त्यांना माहीत होतं. कुठल्या बाजूनं येणार, किती वेळ लागेल, सगळं माहीत होतं. नुसतं 'आलं' म्हणायचं होतं. त्यांच्या ओठांवर तो शब्द येऊन बसलेला मला दिसत होता. माझं बोट कानाशी आलं. जिथे सायकलवाले असतात. गालाच्या रेषेत आलं. जिथे आरसा असतो, आणि आरशापलीकडे निळी फ्रेम. ते गप्प होते. या माणसाला मी अकरा वर्षं सकाळचं माझं मौन दिलं, आज तो मला त्याचं देत होता. बोट त्यांच्या डोळ्यासमोर आलं, नाकापासून चार अंगुळांवर.

"आलं," ते म्हणाले.

मग त्यांनी नजर हलवली आणि बोट कुठे आहे ते बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरा डोळा तपासायला त्यांनी स्वतःच हात बदलला. उजवीकडून बोट जरा आधी दिसलं, पण फार आधी नाही. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. ते म्हणाले, उतर. मी उतरले. तेही उतरले, दार आपटलं, आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. किल्ली आतच राहिली. परत जाऊन ती काढायला आम्हा दोघांपैकी कुणीही तयार नव्हतं.

"डावीकडून चाल माझ्या," ते म्हणाले. विनंती नव्हती, यंत्राचं चाक बदलायला सांगावं तसा हुकूम. दुकान पंचवीस मिनिटांवर. त्यांनी माझा दंड धरला, फार घट्ट, आणि भरभर चालायला लागले, जसं काही चालायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. फुटपाथ जिथे तुटतो तिथे सवयीनं मी त्यांच्या मनगटावर नखानं दोन टिचक्या मारल्या. ते थांबले. हात काढून घेतला.

"टिचक्या पुरे झाल्या. तोंड आहे ना तुला?"

समोर फुटपाथची कड होती, वीतभर खोल, आणि त्यांचा पाय अधांतरी. शटर अजून वीस मिनिटं दूर होतं. अकरा वर्षांत एकही सकाळ मोडली नव्हती. तापात नाही, भावाच्या लग्नात नाही. मनात आलं, देवाला राग येईल. मग मनात आलं, येऊ दे.

"पायरी आहे, बाबा."

"किती?"

"वीतभर."

त्यांनी पाय टाकला. मी पुढचं सांगितलं. खांब. सायकल, उजवीकडून, थांबली. ओला रस्ता. माझा आवाज सकाळी कसा असतो हे मलाच माहीत नव्हतं. जरा घोगरा, आईसारखा. चौक आला. डाव्या हाताला, पलीकडे, पांढरा कोट दिसला, आणि कोटाचा हात धरून उभी असलेली मुलगी, डोळ्यांवर जुना, टेपनं चिकटवलेला चष्मा. सिग्नल सुटला आणि ती आमच्याच दिशेनं निघाली.

"डावीकडून येतेय," मी म्हटलं. "ती."

बाबा थांबले. मग त्यांनी मान वळवली, पूर्ण, खांद्यासकट, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी, तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि ती त्यांना दिसेपर्यंत वळलेलीच ठेवली.